चालकाशेजारची जागा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला सावेडीत आमच्या गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो. भाचा आशिष दवाखान्यातून बोलत होता. “मामा, पप्पा गेले.” आणि मग त्यानं जे विचारलं, त्यानं त्या घटकेलाही माझ्या तोंडाचा कोपरा हलला. “मामा, तिसगावला न्यायला गाडी आलीय. पण पुढं कोण बसणार?”

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. आमच्या घरात तो चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, कारण विचारायची गरजच पडली नव्हती. गाडी कुणाचीही असो, भाड्याची जीप असो, बाजरीची पोती भरलेला टेम्पो असो, नाहीतर फुलांनी सजवलेली लग्नाची मोटार असो, ड्रायव्हरशेजारी दाजी बसणार हे ठरलेलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शांतवन भिंगारदिवे, राहणार तिसगाव, पंचायत समितीतले निवृत्त कृषी विस्तार अधिकारी आणि आमच्या चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ पंच. शववाहिकेत मात्र इलाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच दाजी मागं होते, आणि तेही आडवे. पुढच्या सीटकडं सगळे पाहायचे आणि नजर वळवायचे. शेवटी वयानं मोठा म्हणून मला तिथं ढकललं. ताई मागं दाजींजवळ बसली. निघताना तिनं मधल्या काचेवर टकटक केली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, घाटात हळू घ्या. वळणं आहेत.” ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मागच्या प्रवाशाच्या वतीनं अशी सूचना त्याला पहिल्यांदाच मिळाली असावी. बरोबरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुःखानं बिचारीला भान राहिलं नाही, असं त्यांना वाटलं. ताईला पूर्ण भान होतं. पण ते कळायला आधी दाजी कळायला हवेत, आणि ते कळायला मला स्वतःला पस्तीसेक वर्षं लागली.

आमच्या जिल्ह्यात माणसाचं वजन काट्यावर करत नाहीत, तो गाडीत कुठं बसतो ते बघतात. पुढाऱ्याच्या गाडीत पुढारी चालकाशेजारी, मागं तीन कार्यकर्ते, आणि त्याही मागं डिकीजवळ ज्यांना अजून कुठलंच पद मिळालेलं नाही ते, हाराच्या पिशव्या सांभाळत. लग्नात जेवणावरून जेवढे रुसवे होत नाहीत तेवढे पुढच्या सीटवरून होतात. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. शाली, श्रीफळं, फेटे हे सगळं मी कपाटाआडून पाहत आलो. माणूस एकदा व्यासपीठावर चढला की त्याच्याविषयी ऐकलेलं काहीही खरं धरायचं नाही, हा माझा साधा नियम. त्यामुळं पुढच्या सीटवर ताठ बसलेले, काळा कोट, टोकदार मिशी, नजर समोर रस्त्यावर खिळलेली, असे आमचे दाजी मला या सगळ्या मानपानाचं चालतंबोलतं प्रदर्शन वाटायचे. चालतं म्हणतो, पण बोलतं म्हणणं जरा कठीण. कारण गाडी सुरू झाली की दाजी एक शब्द बोलत नसत. हासुद्धा तोऱ्याचाच भाग, असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिली ठिणगी पडली ती लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला. आमचे बाबा हेडमास्तर होते. शाळेत, चर्चमध्ये आणि वाहनात पुढं बसायचा अधिकार आपला आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. लेकी-जावयाला सणाला आणायला त्यांनी जीप ठरवली आणि मला घेऊन ते तिसगावला गेले. जाताना अर्थातच बाबा पुढं. येताना बाबा व्याह्यांचा निरोप घेत उभे होते, तेवढ्यात दाजी पिशवी घेऊन आले, “सलाम मामा” म्हणाले, आणि दार उघडून पुढं बसले. बाबांचा हात दाराकडं निघाला होता, तो वाटेतच राहिला. मग जिल्ह्यातल्या अनेक पिढ्यांना वाचायला शिकवणारे माझे वडील मागच्या फळीवर, बाजरीच्या पोत्याला टेकून बसले आणि सणासाठी घेतलेली जिवंत कोंबडी त्यांच्या मांडीवर आली. करंजीचा घाट चढेपर्यंत कोंबडी एकसारखी बोलत होती, बाबा मुळीच बोलत नव्हते, आणि पुढं दाजी खांबासारखे ताठ.

“मुलगा शिकलेला आहे,” घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, “पण माज आहे.”

बाबा इथंच थांबले नाहीत. पुढच्या वेळी कुठं एकत्र जायचं ठरलं की ते निघायच्या कितीतरी आधी जाऊन पुढच्या सीटवर बसू लागले. ड्रायव्हर चहाला गेलेला असायचा आणि बाबा एकटेच रिकाम्या जीपमध्ये, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. दाजी यायचे, दृश्य पाहायचे, आणि अत्यंत नम्रपणे म्हणायचे, “मामा, तुम्ही व्हा पुढं. मी सायकलवर येतो.” आणि खरोखर यायचे! तिसगावहून नगरपर्यंत, घाट चढून, घामानं कोट भिजवून. आल्यावर प्रसन्न चेहऱ्यानं दोन ताटं जेवायचे. बाबा ताटावरून त्यांच्याकडं पाहत म्हणायचे, “बघा. मागं बसणार नाहीत. सायकल मारतील, पण मागं बसणार नाहीत.” सासरा आणि जावई यांच्यात तो पडदा शेवटपर्यंत राहिला. दोघं एकमेकांशी अतिशय आदरानं बोलत, आणि आमच्याकडं आदरानं बोलायला लागले की संबंध बिघडले असं समजतात.

आता यातली गंमत अशी, की हेच दाजी नोकरीत साधेपणासाठी प्रसिद्ध होते. पंचायत समितीत जीप होती. तिच्यात पुढं साहेब बसत, मागं विस्तार अधिकारी. दाजी त्या जीपमध्ये बसत नसत. गावोगाव आपल्या खटारा मोपेडवर जायचे. तालुक्यात बोलबाला झाला, की भिंगारदिवे साहेब सरकारी वाहनाला हात लावत नाहीत. एस.टी.नं जायची वेळ आली तर मात्र ते पहिल्या बाकावर, जिथं विधानसभा सदस्यांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं, तिथंच बसायचे. त्यामुळं ते तिकिटासाठी प्रयत्न करताहेत अशीही एक बातमी मध्यंतरी पाथर्डीत होती. घरात माजोरडा, कचेरीत साधा आणि एस.टी.त भावी आमदार, अशी ही एकाच माणसाची तीन चरित्रं. आमच्या ग्रंथालयात थोरांच्या चरित्रांचं एक मोठं कपाट होतं. साधेपणाचा उल्लेख झाल्याशिवाय त्यातली एकही प्रस्तावना संपत नसे. दाजींकडं पाहून मी त्या कपाटाकडं अधिकच संशयानं बघायला लागलो.

त्यांच्या निरोपसमारंभाला मी गेलो होतो. भाषणांचा विषय एकच, मोपेड. एका वक्त्यानं तर डिझेल वाचवून राष्ट्राची सेवा केली असं सांगितलं. दाजी मान खाली घालून ऐकत होते. तीही नम्रताच समजली गेली. समारंभ संपल्यावर साहेब म्हणाले, आज भिंगारदिवेंना सरकारी जीपमधून घरी सोडायचं. हे ऐकल्याबरोबर दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. पण साहेब पुढं म्हणाले, “आणि आज तुम्ही पुढं बसायचं. मी मागं.” तेव्हा दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साहेबांचे दोन्ही हात हातात घेतले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका भावनाप्रधान माणूस सासरी एवढा कडक कसा, हे कोडं काही मला सुटेना.

ते सुटलं तीन वर्षांपूर्वी, एका खेळण्यातल्या रेल्वेसमोर.

आशिषची मुलगी महिमा तेव्हा पाच वर्षांची होती. सुट्टीला पुण्याहून आली होती. नेवाशाकडं जाताना रस्त्यालगत एक पार्क नवीनच झालं होतं. घसरगुंड्या, सिमेंटचा डायनोसॉर, पाण्याचा हौद, आणि या सगळ्याभोवती फिरणारी एक रेल्वे. महिमानं ती रेल्वे कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिली होती आणि तिला त्या रेल्वेत आजोबांबरोबरच बसायचं होतं. तिच्या आईबापांना नगरला काही काम होतं, म्हणून मी माझ्या गाडीतून दाजींना, ताईला आणि तिला घेऊन गेलो. दाजी पुढं, ताई बरोब्बर त्यांच्या मागं. ही तिची कायमची जागा. माझ्या गाडीच्या त्या पुढच्या सीटला कायम लिंबाचा मंद वास यायचा. दाजी लिंबाच्या वासाचं काहीतरी अत्तर वापरतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. मानाच्या माणसाला अत्तर शोभतं, म्हणून मी कधी विचारलं नाही.

रेल्वेचं स्टेशन होतं, आणि स्टेशनात इंजिनापेक्षा मोठी उद्घाटनाची कोनशिला होती. इंजिन म्हणजे मूळचा छोटा ट्रॅक्टर, वर पत्र्याची चिमणी आणि लाल रंग. मागं चार उघडे डबे, त्यांत समोरासमोर बाकं. इंजिनात चालक आणि त्याच्याशेजारी एक जागा. त्या जागेवर पाटी टांगलेली: ‘येथे फक्त वाढदिवस असणारे बाळ बसेल. हुकुमावरून.’ पाटीखाली खिळ्याला सोनेरी कागदाचा एक मुकुट.

डबे भरत आले. ताई आणि मी पहिल्या डब्यात चढलो. महिमानं आजोबांचं बोट धरलं होतं, आणि आजोबा जागचे हलत नव्हते. मार्ग त्यांनी एकदा नजरेनं तपासला. तळ्याला वळसा, डायनोसॉरला वळसा, गुहेतून वळसा. या रेल्वेला सरळ जाण्याची मुळात सवयच नव्हती. मग ते इंजिनाजवळ गेले, दांडीवर हात ठेवला आणि उभे राहिले. ही त्यांची जुनी पद्धत. दाराशी हात ठेवून शांतपणे उभं राहायचं, समोरचा माणूस आपोआप जागा देतो. चाळीस वर्षांत ही पद्धत एकदाही हुकली नव्हती.

चालकाचं नाव मच्छिंद्र. नेवाशाकडचा, पन्नाशीचा, डोक्यावर रेल्वेची टोपी आणि पायात चपला. त्यानं दाजींकडं पाहिलं.

“बाबा, मागं बसा. ती शीट वाढदिवसाची हाय.”

“मी नुसता बसतो. हात लावणार नाही.”

“न्हाई जमत. मालक लई कडक हाय. उद्घाटनाला आमदार आल्ते, त्यांला बी मागंच बसिवलं हुतं.”

“मग?” दाजींनी एकदम मनापासून विचारलं. “त्यांना काही झालं नाही?”

“काय व्हायचंय? फोटो काढीत बसले.”

मी हे सगळं डब्यातून पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. कोणीतरी एकदाचा या माणसाला नाही म्हणणारा निघाला होता, आणि तोही ट्रॅक्टरला चिमणी लावलेल्या गाडीचा चालक. बाबा असते तर त्यांनी मच्छिंद्रचा सत्कार केला असता. मागच्या डब्यांतून आवाज यायला लागले. “ओ आजोबा, बसा की!” “गाडीला लाल दिवा लावायचा राहिलाय का?” हशा पिकला. महिमा रडकुंडीला आली. “आजोबा, तुम्ही प्रॉमिस केलं होतं...” दाजींचा हात दांडीवर तसाच, पण नजर समोर नव्हती, खाली महिमाकडं होती. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी उतरलो, त्यांच्याजवळ गेलो. “दाजी, हे काही लग्नाचं वाहन नाही. जावयाचा मान इथं चालायचा नाही. चला मागं.”

त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “विलास, मान गेला खड्ड्यात. मला गाडी लागते रे.”

“काय?”

“गाडी लागते. मागं बसलं की पोटातलं सगळं वर येतं. पुढं बसून रस्त्याकडं बघत राहिलं, तोंड मिटून ठेवलं, की निभतं. या पोरीसमोर, एवढ्या लोकांत मला ओकारी झाली तर...”

“कधीपासून लागते?”

“आई म्हणायची, पाळण्यातसुद्धा लागायची.”

मी तिथंच उभा राहिलो. काही क्षणांत माझ्या डोळ्यांसमोरून ती जीप गेली, बाबांच्या मांडीवरची कोंबडी गेली, घाट चढणारी सायकल गेली, राष्ट्राचं डिझेल वाचवणारी मोपेड गेली, आमदारांचा राखीव बाक गेला, आणि साहेबांचे हात हातात घेऊन रडणारे दाजी गेले. एवढी तीन चरित्रं, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एक मळमळ. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे कळलं असतं तर मी तिथंच खो-खो हसलो असतो. पण तो हात अजून दांडीवर होता आणि महिमा खालून वर त्या चेहऱ्याकडं पाहत होती.

मी आजवर कुणालाही मानाची जागा मिळावी म्हणून शब्द टाकलेला नाही. त्या दिवशी टाकला. “मच्छिंद्रभाऊ,” मी म्हणालो, “आज यांचा वाढदिवस आहे.”

“नाही!” महिमा ठणकावून म्हणाली. पुण्याच्या शाळेत त्यांना खरं बोलायला शिकवतात. “आजोबांचा बर्थडे ख्रिसमसच्या आधी असतो. तेव्हा आपण केक कापतो!”

मच्छिंद्रनं माझ्याकडं पाहिलं. दाजींनी डोळे मिटले. मंडळीचे ज्येष्ठ पंच, खोटं बोलण्याविषयी रविवारच्या शाळेत मुलांना समजावणारे. आणि तेवढ्यात डब्यातून ताईचा आवाज आला, अगदी स्वच्छ, बाजारात भाव सांगावा तसा.

“आजच आहे. तिथीनं.”

आमच्या दोन्ही घराण्यांत चार पिढ्यांत पंचांगाला कुणी हात लावलेला नाही. तिथी कशी काढतात हे ताईला विचारलं असतं तर तिला पेपर उघडावा लागला असता. पण तिनं ते अशा खात्रीनं सांगितलं, की मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं. आणि या जिल्ह्यात तिथी आणि तारीख यांच्या वादात कोण पडतो? मच्छिंद्रनं टोपी सारखी केली.

“तिथीनं आसंल तर मग बसा. लेकराला घ्या मांडीवर. पन मुकुट घालावा लागंल. त्याबिगर चालत न्हाई, मालक कॅमेऱ्यातनं बघतो.”

अशा रीतीनं शांतवन भिंगारदिवे, काळ्या कोटात, टोकदार मिशीसह, डोक्यावर सोनेरी कागदी मुकुट घालून, मांडीवर नात घेऊन चालकाशेजारी विराजमान झाले. कर्ण्यावरून पुकारा झाला, “आजचे आपले बर्थडे बॉय, शांतवन आजोबा! जोरदार टाळ्या!” ज्यांनी लाल दिव्याची चौकशी केली होती त्यांनीच शिट्ट्या मारल्या. मी परत डब्यात चढलो आणि रेल्वे हलली.

“बाबा, वळनाला घंटी मारायची,” मच्छिंद्र ओरडून सांगत होता.

“प्रत्येक वळणाला?”

“परत्येक! वाढदिवस हाय तुमचा!”

आणि दाजी घंटीची दोरी ओढत होते. तळ्याच्या वळणाला, डायनोसॉरच्या वळणाला, गुहेत तर उगाचच दोनदोनदा. महिमा किंचाळत होती. मी दाजींना कुठल्याही वाहनात हसताना पाहिलं ते फक्त त्या दिवशी. पाहिलं तेही मान मागं वळवून, कारण माझं बाक उलटं होतं, मी उलट्या दिशेनं ओढला जात होतो... आणि गुहेच्या आत माझ्याच पोटात काहीतरी हलायला लागलं. तोंडाला पाणी सुटलं. कपाळावर घाम आला. समोर बसलेल्या ताईनं माझ्याकडं एक नजर टाकली, पर्स उघडली, एक लिंबू काढलं, नखानं त्याची साल जरा खरवडली आणि माझ्या हातात दिलं.

“हुंग. आणि लांब बघ.”

लिंबाचा तो वास मला ओळखीचा होता. माझ्या गाडीतल्या पुढच्या सीटचा.

“ताई, तुझ्याकडं लिंबू कसं?”

“चाळीस वर्षं असतं,” ती म्हणाली. “मी मागं का बसते, तुला काय वाटलं?”

फेरी संपल्यावर मी आणि दाजी पार्कच्या बाकावर बसलो. महिमा ताईबरोबर घसरगुंडीकडं गेली होती. मुकुट अजून दाजींच्या डोक्यावर होता, काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाही? निदान बाबांना तरी.

दाजी डायनोसॉरकडं पाहत सांगू लागले. लहानपणी एका लग्नाला गावची सगळी माणसं ट्रकनं निघाली होती. त्यांना मागं बसवलं. घाटात त्यांना उलटी झाली, ती नेमकी नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर ठेवलेल्या नव्या कोऱ्या फेट्यात. “मॅट्रिक होईपर्यंत मला तिसगावात कुणी शांतवन म्हणलं नाही. उलटी शांत्या. मास्तरसुद्धा हजेरी घेताना हसायचे.” त्यांनी कोटाची बाही सारखी केली. “मग लग्न झालं. तुझे वडील हेडमास्तर. पहिल्याच नाताळाला त्यांना काय सांगू, मामा, मला ओकारी येते? एक गोष्ट लक्षात ठेव विलास. माणसाला माज आहे हे लोक चालवून घेतात. ओकारी चालवून घेत नाहीत.”

“बाबांना फार लागलं होतं, दाजी.”

“माहितीय. त्या कोंबडीचा आवाज अजून कानात आहे.” आणि मग, मुकुटाला हात लागल्यावर दचकून, तो काढून मांडीवर ठेवत म्हणाले, “कुणाला सांगू नको. मी गेल्यावर सांग. तोवर माज राहू दे.”

म्हणून आता सांगतो आहे.

पार्कवाल्यांनी काढलेला त्या प्रवासाचा फोटो ताईनं विकत घेतला होता. दाजी गेल्यावर चर्चमधल्या उपासनेसाठी फोटो हवा होता, आणि हसरे दाजी त्या एकाच फोटोत सापडले. आशिषनं स्टुडिओत नेऊन महिमा, घंटी आणि मुकुट काढून टाकायला सांगितलं. स्टुडिओवाल्यानं काम केलं, पण केसांच्या वर सोनेरी कडेची एक बारीक रेघ राहिलीच. लोकांना ते तेज वाटलं. पाळकसाहेबांचा त्या दिवशीचा उपदेश नेमका विश्वासू माणसाला मिळणाऱ्या मुकुटाविषयी होता. त्यांनी फोटोकडं हात केला तेव्हा दोन-तीन बायकांना हुंदका आवरेना. मग वक्ते उठले. एकानं मोपेड सांगितली, एकानं साधेपणा. महिमा आता आठ वर्षांची आहे. ती माझ्या शेजारी बसली होती. तिनं मला सगळ्या बाकाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं, “पण तो मुकुट तर रेल्वेतला आहे ना?” मी हो म्हणालो. समोरच्या बाकावरून ताईनं मागं न बघता मान हलवली.

पेटीचं झाकण बसवण्याआधी ताईनं दाजींच्या कोटाचा खिसा सारखा केला होता. लोकांना वाटलं, तिनं त्यात शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक ठेवलं असेल. मी जवळ उभा होतो. मला वास आला होता.

परवा तिला चार दिवस सावेडीला आणायला तिसगावला गेलो. पिशव्या डिकीत टाकल्या, पुढचं दार उघडून म्हणालो, “ताई, आता पुढं बस.” तिनं त्या सीटकडं पाहिलं आणि मागचं दार उघडलं. “नको. पुढं बसलं की समोरचे ट्रक अंगावर आल्यासारखे वाटतात. मी मागंच बरी.” आणि डावीकडं, आपल्या जागेवर जाऊन बसली. वाटेत ती शेजारणीच्या सुनेविषयी सांगत होती, कांद्याविषयी सांगत होती, महिमाच्या शाळेच्या फीविषयी सांगत होती. करंजीचा घाट लागला. पहिलं वळण आलं, आणि दोन सीटांच्या मधून तिचा हात पुढं आला. हातात लिंबू, साल जराशी खरवडलेली. हात माझ्याकडं नव्हता. तो डाव्या सीटच्या खांद्याशी आला आणि तिथं थांबला. आरशात पाहिलं तर ताई खिडकीबाहेर बघत बोलतच होती, सुनेचं पुढं काय झालं ते. हात काय करतो आहे हे तिच्या गावीही नव्हतं. मग तिचं बोलणं थांबलं. हात मात्र तसाच राहिला.

मी स्टिअरिंगवरचा डावा हात सोडला, लिंबू घेतलं, आणि हुंगलं.

“हळू घे,” ताई म्हणाली.

मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली.